पुरात बुडालेले युंगहान्स घड्याळ: दुरुस्ती नेमकी कुठे थांबवावी?

शुक्रवारपेठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी आजोबांच्या वेळचे एक चावीचे घड्याळ आहे. लाकडी पेटी, समोर काचेचे दार, आत लोलक आणि मागच्या फळीवर वेटोळे घातलेली पोलादी तार, जिच्यावर हातोडी पडून ठोके वाजतात. अशा घड्याळाला मँटल क्लॉक म्हणतात, म्हणजे थंड मुलखातल्या घरांत शेकोटीच्या वरच्या फळीवर ठेवायचे घड्याळ. कोल्हापुरात शेकोटी कुठली असायला. आमच्याकडे ते सोप्यातल्या कोनाड्यात असे आणि दर रविवारी सकाळी अंघोळ झाल्यावर आजोबा त्याला चावी देत. आम्हा मुलांना हात लावायची परवानगी नव्हती, फक्त दार उघडून धरण्याचा मान आळीपाळीने मिळे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी ४३ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ५५ फुटांच्याही वर गेली, तेव्हा आमच्या सोप्यात छातीइतके पाणी आले. आम्ही आजीला पाहुण्यांकडे पोहोचवले, धान्य आणि कागदपत्रे माळ्यावर टाकली, सिलिंडर वर चढवला. घड्याळ कोनाड्यातच राहिले. पाणी ओसरल्यावर घरात आलो तेव्हा पेटीच्या तळात बोटभर गाळ होता आणि तबकडीवर आठच्या आकड्यापासून चारच्या आकड्यापर्यंत एक तपकिरी रेषा आडवी उमटली होती. तबकडी जस्ताच्या पत्र्यावर कागद चिकटवलेली आहे, त्यामुळे ती रेषा कागदात मुरली. आमच्या घरात तिला 'पूररेषा' हेच नाव पडले आहे.

त्या वेळी एका दुरुस्ती करणाऱ्याला घड्याळ दाखवले. त्याने मागची फळी काढून आत बॅटरीचा प्रकाश टाकला आणि दोन मिनिटांत निकाल दिला, की हे मशीन संपले, यात सेलवरचे मशीन बसवून देतो, तबकडीही नवीन छापून लावतो, बाहेरून कोणाला कळणार नाही. "बाहेरून कोणाला कळणार नाही" हे वाक्य मला असे काही लागले, की मी घड्याळ पोत्यात गुंडाळून घरी आणले आणि माळ्यावर ठेवले. त्यात माझी चूकही झाली, कारण गाळ न धुता ठेवल्याने गंज वाढतच गेला.

आता वेळ आहे, म्हणून ते पुन्हा खाली काढले आहे. यंत्राच्या मागच्या पत्र्यावर आठ टोकांचा तारा आणि त्यात 'जे' अक्षर आहे. खाली 'बी' हे अक्षर आणि ११ हा आकडा ठोकलेला आहे. चावी दिली तर घड्याळ दहा-पंधरा मिनिटे चालते आणि थांबते. काटे सातवर असताना चार ठोके पडतात. पेटीच्या तळाकडचा लाकडी पापुद्रा सुटून उचलला गेला आहे आणि पॉलिश पांढरट झाले आहे.

माझा प्रश्न केवळ ते चालू कसे करावे एवढाच नाही. काय दुरुस्त करावे आणि काय तसेच राहू द्यावे, हे ठरवताना जाणकार मंडळी कशाचा आधार घेतात?

लंबकधारी

सर्वप्रथम, आता त्याला चावी देऊ नका. कृपया हे वाक्य दोनदा वाचा. पाण्यात राहिलेली कमान, म्हणजे चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी पोलादी पट्टी (स्प्रिंग), आतून गंजलेली असते आणि ताणात असताना ती तुटली, तर तिचा झटका चक्राचे दात मोडतो. मग जे काम चार बुशांत, म्हणजे घासलेल्या भोकांत बसवायच्या धातूच्या छोट्या नळ्यांत, भागले असते ते चक्र घडवण्यापर्यंत जाते.

तारा आणि 'जे' ही युंगहान्सची खूण आहे. ही कंपनी १८६१ मध्ये जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागातल्या श्राम्बेर्ग गावी सुरू झाली. अमेरिकी पद्धतीने, यंत्रावर पत्र्यातून भाग छापून काढून, ती स्वस्त आणि टिकाऊ घड्याळे बनवू लागली आणि १९०३ पर्यंत ती जगातील सर्वांत मोठी घड्याळ कंपनी झाली होती. त्यांच्या यंत्रांवरचे अक्षर आणि आकडा म्हणजे बनावटीचा काळ असतो: 'ए' म्हणजे वर्षाचा पूर्वार्ध, 'बी' म्हणजे उत्तरार्ध. म्हणून तुमचे यंत्र १९११ च्या उत्तरार्धातले समजावे.

ते थांबण्याची कारणे बहुधा दोन असतील. एक उघडच आहे, गाळ आणि सुकून चिकट झालेले जुने तेल. दुसरे म्हणजे घासलेली भोके. प्रत्येक चक्राच्या आसाची टोके पितळी पत्र्याच्या भोकांत फिरतात. तेलात धूळ मिसळली की त्याची कानस होते. गोल भोक हळूहळू लंबगोल होते, आस एका बाजूला कलतो आणि दोन चक्रांचे दात एकमेकांत जेवढे हवेत तेवढे बसत नाहीत. कमानीची ताकद मग शेवटच्या चक्रापर्यंत पोहोचतच नाही. चावीच्या चौकटीला बोटाने किंचित मागेपुढे ढकला आणि भोकांकडे पाहा. एखाद्या आसाचे टोक भोकात सरकताना डोळ्यांना दिसले, तर तिथे बुश घालायला हवे.

तुमच्या चार ठोक्यांचे गूढ सोपे आहे. अशा बऱ्याच घड्याळांत ठोके मोजण्यासाठी खाचा पाडलेले एक चक्र असते. खाचांमधले अंतर वाढत जाते. आकडी खाचेत पडली की ठोके थांबतात. या चक्राला काटे कुठे आहेत याचा पत्ता नसतो, त्याला फक्त मागचा आकडा ठाऊक असतो. एकदा ठोक्याची कमान आधी उतरली, किंवा कोणी ठोके पुरे होऊ न देता काटे फिरवले, की दोघांची फारकत होते. दुसऱ्या प्रकारात तासकाट्याबरोबर फिरणारी गोगलगायीच्या शंखासारखी चकती ठोक्यांची संख्या ठरवते, तिथे अशी चूक टिकत नाही. तुमच्याकडे पहिला प्रकार दिसतो. आकडी तारेने उचलून घड्याळाला ठोके देत जायचे आणि काट्यांशी जुळले की सोडून द्यायचे. त्यासाठी काही मोडलेले नाही.

आता उघडण्याविषयी. दोन्ही कमानी पूर्ण उतरवल्याशिवाय पत्र्याचा एकही स्क्रू सैल करायचा नाही. चावी घट्ट मुठीत धरा, खटका बाजूला करा आणि मुठीतून चावी अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने सरकू द्या. त्या जमान्याच्या यंत्रांत कमान पुष्कळदा डब्यात बंद नसते, उघडीच असते. तसे असेल तर उतरवण्याआधी तिच्याभोवती जाड तारेचे कडे अडकवा, म्हणजे ती फुलून शेजारच्या आसांवर चढणार नाही. माझ्या डाव्या तळहातावर या नियमाची आठवण गेली वीस वर्षे आहे.

स्वच्छतेसाठी चिंच, लिंबू किंवा भांडी उजळायची पावडर अजिबात नको. देवाच्या समईला ते चालते, कारण समईला टोकाची भोके नसतात. आंबट पदार्थ पितळातले जस्त ओढून घेतो आणि पावडरीची कच भोकांत बसते. अमोनिया असलेले घड्याळाचे द्रावण मिळते, त्यात सुटे भाग बुडवून, धुऊन, हेअर ड्रायरने लगेच कोरडे करावेत. भोके साफ करायला टोकदार केलेली बांबूची काडी पुरते. काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत नव्या काड्या घेत राहायच्या. तेल फक्त टोकांना, एकेक थेंब. दातांना तेल लावणारा माणूस घड्याळाचा शत्रू असतो, मग तो कितीही प्रेमाने लावत असो.

रंकाळ्यावरचा

विरोधी सूर लावतो, रागावू नये. घरात घड्याळ वेळ पाहण्यासाठी असते. सेलवरचे मशीन आठवड्याला काही सेकंदांपलीकडे चुकत नाही, चावी लागत नाही आणि जुनी पेटी शोभेला राहतेच. एवढा खटाटोप करून शेवटी जे मिळणार ते मोबाईलपेक्षा कमी अचूकच असणार आहे. डाग पडलेली तबकडी तरी बदला. पाहुण्यांना ती घाण वाटेल.

लंबकधारी

अचूकतेचा मुद्दा मान्य. तरीही सेलवरचे मशीन बसवण्यासाठी तबकडीला मधोमध भोक मोठे करावे लागते, जुन्या यंत्राच्या टेकणी कापाव्या लागतात आणि काढलेले यंत्र भंगारात जाते. उद्या मन बदलले तर परतीचा रस्ता राहत नाही. मी स्वतःपुरता नियम असा ठेवला आहे, की जे पुन्हा उलटवता येते ते करावे आणि जे उलटवता येत नाही त्यावर आठवडाभर झोपून विचार करावा.

फळा_आणि_खडू

मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले, म्हणून एक गंमत सांगतो, जी या घड्याळाला थेट लागू पडते.

लोलकाचा आंदोलनकाल त्याची लांबी आणि त्या जागेचे गुरुत्व या दोघांवर ठरतो. पृथ्वी विषुववृत्ताकडे फुगीर आहे आणि तिथे तिच्या फिरण्याचा परिणामही जास्त, म्हणून गुरुत्व किंचित कमी भरते. १६७२ मध्ये जाँ रिशे हा फ्रेंच खगोलज्ञ पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे गेला, तेव्हा त्याचे लोलकाचे घड्याळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. पुढे न्यूटनने हेच निरीक्षण पृथ्वीच्या आकाराच्या चर्चेत वापरले.

श्राम्बेर्ग ४८ अंश उत्तरेला आहे, कोल्हापूर १७ अंशांच्या थोडे अलीकडे आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. मी कागदावर हिशेब केला. तिथे बरोबर लावलेले घड्याळ इथे आणून काहीही न बदलता चालवले, तर ते दिवसाला सुमारे पावणेदोन मिनिटे मागे पडेल. म्हणजे १९११ चे हे घड्याळ बोटीतून उतरून करवीरनगरीत आले, तेव्हा कोणीतरी लोलकाचा गोळा किंचित वर चढवला असणार. किती? लोलकाची लांबी १५ सेंटिमीटर धरली, तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. यावरून गोळ्याखालचा नट किती हलक्या हाताने फिरवायचा असतो ते लक्षात येईल. त्याच लोलकात गोळा १ मिलिमीटर वर गेला, तर घड्याळ दिवसाला जवळजवळ पावणेपाच मिनिटे पुढे धावेल.

वर नेला तर जलद, खाली सोडला तर संथ. आमच्या वर्गात हे उलटे लिहिणारी निम्मी मुले असत.

जुना_रंधा

मी सुतारकामातला आहे, यंत्रात मला गती नाही. पेटीविषयी लिहितो.

पापुद्रा सुटला याचे कारण असे, की त्या काळी तो सरसाने चिकटवत. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. पाणी आणि ऊब मिळाली की तो सुटतो. पुराने तुमचे नुकसान केले खरे, पण तोच गुण आता तुमच्या कामी येईल. सुटलेल्या भागाखालचा गाळ ओल्या ब्रशने काढून घ्या, जुना सरस कोमट पाण्याने मऊ करा, नवा सरस दुहेरी भांड्यात गरम करून आत सोडा आणि वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर सपाट फळी ठेवून शिकंजात आवळा. दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. बाजारातला पांढरा गोंद वापरलात तर तोही धरेल, मात्र पुढच्या माणसाला तो सोडवताना लाकूड फाडावे लागेल.

पॉलिश पांढरट झाले म्हणजे ते बहुधा चपड्याचे, म्हणजे लाखेपासून केलेले आहे. तळाच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा फिरवून पाहा; चिकट झाले तर चपडाच. खरवडून काढायचे नाही. कापसाचा बोळा सुती कापडात बांधून, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा पातळ हात वरच्यावर फिरवला, की जुना थर स्वतःच मऊ होऊन नव्यात मिसळतो आणि पांढरेपणा जातो. पावसाळी हवेत मात्र हे काम करू नका, नाहीतर नवे पॉलिशही तसेच पांढरे पडेल. त्या काळी जगभर जाणारी लाख मुख्यतः आपल्याच देशातून जात असे, त्यामुळे त्या जर्मन पेटीवरचा चपडा पळसाच्या नाहीतर कुसुमाच्या झाडावरून तिकडे जाऊन परत माहेरी आला असेल तर नवल नाही.

शुक्रवारपेठी

सर्वांचे मनापासून आभार. चार आठवडे गेले, आता सविस्तर लिहितो.

कमानी लंबकधारींनी सांगितल्याप्रमाणेच उतरवल्या. उघड्याच होत्या. चालण्याची कमान वरवर गंजली होती, ती घासून, पुसून, तेल देऊन पुन्हा घालता आली. ठोक्याच्या कमानीला मात्र आतल्या वेटोळ्यावर नखाला लागेल अशी चीर होती, ती बदलली. जुनी कमान चिठ्ठी लावून पेटीच्या तळात ठेवून दिली आहे.

पत्रे वेगळे केल्यावर मागच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या तीन तारखा मराठी आकड्यांत मिळाल्या. दोन वाचता येत नाहीत इतक्या झिजल्या आहेत. तिसरीतला महिना आषाढ नाहीतर आश्विन असावा, कारण आकड्यांपुढे फक्त 'आ' उरला आहे. त्यातल्याच कोणीतरी एका भोकाभोवती पोगराने टोचे मारून भोक आवळले होते, म्हणजे बुश न घालता पितळ ठोकून आत ढकलले होते. ते पाहून आधी राग आला. नंतर मनात आले, की त्या माणसाकडे लेथ नसणार आणि घड्याळ तर चालायला हवे होते.

एकूण पाच भोकांना बुश लागले. शिवाजी उद्यमनगरात पंपाचे आणि इंजिनाचे भाग घडवणाऱ्या एका लेथवाल्याकडे गेलो. त्यांनी आसाचे टोक पाहून विचारले, "हे मोजायचं कशानं, नजरेनं?" रोज हाताएवढे शाफ्ट फिरवणाऱ्या त्या गृहस्थांनी काँस्याच्या कांडीतून तांदळाच्या दाण्याएवढे पाच बुश काढून दिले आणि सहावा हरवेल म्हणून जादा दिला. तो खरोखर लागला. भोक रुंद करताना मूळ मध्यबिंदू सुटू नये याची काळजी घ्यावी लागते, कारण घासलेल्या भोकाचा मध्य आता खोटा असतो. एका ठिकाणी माझा हात चुकला आणि तो बुश काढून पुन्हा बसवावा लागला.

जोडणी झाल्यावर घड्याळ चालले, परंतु लंगडत. 'टिक' नंतर 'टॉक' लगेच आणि मग लांब विश्रांती. पेटीच्या डाव्या बाजूखाली एकेक पोस्टकार्ड सरकवत गेलो. तिसऱ्या कार्डाला दोन्ही आवाजांतले अंतर सारखे झाले. मग कार्डे काढून, लोलकाला ढकलणारी तार केसभर वाकवली आणि सपाट फळीवर तोच समान ठेका आणला. रात्री अकरा वाजता घरातले सगळे दिवे मालवून केवळ ऐकत बसलो होतो. आई दोनदा येऊन पाहून गेली.

पहिल्या दिवशी ते साडेतीन मिनिटे मागे पडले. सरांचा आकडा डोळ्यांपुढे ठेवून नट एक फेरा फिरवला, मग पाव फेरा. आता आठवडाभरातला फरक पाहता एक गोष्ट दिसते: चावी दिल्यावर पहिले दोन-तीन दिवस ते थोडे पुढे राहते आणि शनिवारपर्यंत मागे येते. कमानीचा जोर उतरत जातो तसा हा फरक पडत असावा. आजोबा रविवार का चुकवत नसत, हे मला आत्ता समजते आहे.

तबकडीचा निर्णय घरात मतदानाने झाला. धाकट्या भावाला नवी हवी होती. आजी म्हणाली, "भिंतीवरची रेघ आपण रंग देऊन पुसली. हिच्यावरची राहू दे." मऊ ब्रशने सुकलेली माती झटकली, ओला हात लावला नाही. रेषा आहे तिथेच आहे.

रंकाळ्यावरचा

मतदानात माझे एक मत असते तर मी हरलो असतो, हे नोंदवून ठेवतो. ठोक्यांचा आवाज कसा आहे?

शुक्रवारपेठी

तोच आता प्रश्न आहे. दिवसाला अर्ध्या तासांचे धरून १८० ठोके पडतात आणि प्रत्येक ठोका ताटावर पळी आपटल्यासारखा येतो. माझ्या आठवणीतला आवाज खोल आणि लांबणारा होता. शेजारच्या काकूंनी रात्री बाराच्या ठोक्यांविषयी सौम्य शब्दांत विचारणा केली आहे. हातोडीला कापड गुंडाळावे का?

लंबकधारी

कापड नको, आवाज मरतो. हातोडीच्या तोंडाशी चामड्याची गोळी असते, ती पुरात भिजून वाळल्यावर दगडासारखी झाली असणार. ती उपटून नवे चामडे घाला, आणि हातोडी स्थिर असताना तारेपासून कागदाच्या जाडीएवढी दूर राहील अशी वाकवा. ती ठोका देऊन लगेच मागे आली तरच तार घुमते. चामडे मऊ आणि जाड हवे. ते कुठे मिळेल हे कोल्हापूरच्या माणसाने मला विचारू नये.

शुक्रवारपेठी

आज दुपारी चप्पल लाइनला जाऊन आलो. एका कारागिराने तळव्याच्या कापणीतला वाटाण्याएवढा तुकडा काढून दिला, कशासाठी ते ऐकून हसले आणि पैसे घ्यायला तयार होईनात. तुकडा सरसानेच बसवला आहे. पाचचे ठोके नुकतेच पडले. शेवटचा ठोका विरेपर्यंत मी सात आकडे मोजले.